इंटर्नशिप मेळाव्याचा रेझ्युमे: गूगल डॉक्स, वर्ड, ओव्हरलीफ की कॅनव्हा?

निकाल आधीच सांगून टाकतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा मेळावा दोन-चार दिवसांवर आलेला असेल. पहिल्यांदाच इंटर्नशिप मेळाव्याला जाणाऱ्या विद्यार्थ्याने रेझ्युमे गूगल डॉक्समध्ये करावा. लेटेक (कोडसारख्या सूचना लिहून पान मांडायची पद्धत) आधीपासून येत असेल तर ते ऑनलाइन चालवणारं ओव्हरलीफ उत्तम. स्वतःच्या लॅपटॉपवर वर्ड असेल आणि ते नीट वापरता येत असेल, तर वर्डही चालेल. कॅनव्हा पोर्टफोलिओसाठी ठेवा, रेझ्युमेसाठी नको. पैसे देऊन रेझ्युमे लिहून घ्यायची तर गरजच नाही. ते पैसे चांगल्या कागदावर आणि स्वच्छ प्रिंटवर घाला.

मेळाव्यात त्या कागदाचं नेमकं काय होतं हे लक्षात घेतलं, की हा निकाल असा का ते कळेल. टेबलामागे बहुधा दोन माणसं असतात: एक एचआरची आणि एक प्रत्यक्ष कामाच्या विभागातली. समोर रांग असते. तुमच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. तुम्ही कागद पुढे करता, त्यांची नजर वरच्या एक-तृतीयांश भागावरून फिरते, एखाद्या प्रोजेक्टवर थांबते, एक-दोन प्रश्न येतात. बोलता बोलता समासात पेनाने काहीतरी लिहिलं जातं: एखादी खूण, ‘जूनपासून मोकळा’ असा शेरा, कधी नुसता आकडा. मग कागद गठ्ठ्यात जातो. ज्यांचं नाव पुढे सरकतं त्यांना नंतर लिंक येते आणि तोच रेझ्युमे पीडीएफ म्हणून अपलोड करावा लागतो. तिथे तो आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि नाव, ईमेल, शिक्षण, कौशल्यं अशा चौकटींमध्ये वाटून टाकतं. म्हणजे घाईतली नजर, पेन, झेरॉक्सच्या दुकानातला प्रिंटर आणि सॉफ्टवेअर, या चौघांसमोर एकच पान टिकायला हवं. चारही साधनं आम्ही याच मापाने मोजली आहेत.

गूगल डॉक्स

फुकट आहे, लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये चालतं आणि फोनवरही उघडतं. मेळाव्याच्या आदल्या रात्री एखादी चूक सापडली तर घरी बसून फोनवर दुरुस्त करून नवी पीडीएफ काढता येते. पहिल्या वेळेला ही सोय फार मोलाची ठरते, कारण चूक सापडतेच.

टेम्प्लेट गॅलरीत स्विस, सेरिफ, कोरल, स्पिअरमिंट असे रेझ्युमेचे साचे आहेत. त्यातल्या सेरिफमध्ये उजवीकडे कौशल्यांचा वेगळा रकाना आहे. दिसायला छान, पण शेजारी-शेजारी असलेले रकाने काही सॉफ्टवेअर आडवे वाचतात आणि मग डावीकडच्या प्रोजेक्टच्या वाक्यात उजवीकडचं ‘पायथन’ येऊन बसतं. आमचा सल्ला असा की कोरं पान घ्या आणि वरून खाली एकाच रकान्यात लिहा.

कोरं पान घेतल्यावर पहिलं काम फाइल मेनूतल्या पेज सेटअपमध्ये. कागदाचा आकार तिथे बऱ्याचदा ‘लेटर’ असतो, तो ए४ करा. समास मुळात २.५४ सेंटीमीटर असतात. ते चारही बाजूंनी १.८ करा. त्याहून कमी करू नका, पेनाने शेरा लिहायला जागा राहिली पाहिजे. पान ‘पेजलेस’ प्रकारात असेल तर ‘पेजेस’ करून घ्या, नाहीतर एक पान कुठे संपतं हेच दिसत नाही. ओळींमधलं अंतर १.१५ असतं, ते १ वर आणा. नाव १६ ते १८ पॉइंट, मथळे १२ ठळक, बाकी मजकूर १०.५ किंवा ११. दहाच्या खाली जाऊन सगळं एका पानात कोंबण्यापेक्षा दहावीतल्या चित्रकला स्पर्धेची ओळ काढा.

सगळ्यात जास्त बिघडणारी गोष्ट म्हणजे उजवीकडे येणाऱ्या तारखा. ‘जून २०२४ – ऑगस्ट २०२४’ ही तारीख ओळीच्या उजव्या टोकाला न्यायला स्पेसबार दाबत राहायचं, ही सवय जवळपास सगळ्यांना असते. स्क्रीनवर ते सरळ दिसतं. फाँट अर्धा पॉइंटने बदलला किंवा एक शब्द वाढला, की एक तारीख आत, एक बाहेर, तिसरी खालच्या ओळीवर. योग्य मार्ग असा: वरच्या रूलरवर उजव्या समासाजवळ क्लिक करा, ‘ॲड राइट टॅब-स्टॉप’ निवडा, आणि मजकूर व तारीख यांच्यामध्ये फक्त एकदा टॅब दाबा. तारीख उजव्या कडेला चिकटून बसते आणि मजकूर कितीही बदलला तरी हलत नाही. हे काम संगणकावरच उरकून घ्या; फोनवर फक्त शब्द दुरुस्त करा.

दोन वेगळ्या प्रकारच्या कामांसाठी अर्ज करायचा असेल, उदाहरणार्थ डिझाइन आणि उत्पादन, तर फाइलची प्रत काढून दोन वेगळे रेझ्युमे करा. एकाच फाइलमध्ये ओळी आलटून-पालटून घातल्या, की ऐन वेळी चुकीची आवृत्ती छापली जाते.

वर्ड

वर्डमध्ये वरचं सगळं जमतं, उलट रूलर आणि टॅबवर जास्त ताबा मिळतो. गोंधळ होतो तो फाइल दुसरीकडे उघडली की. २०२३ पासून नव्या वर्डमध्ये कॅलिब्रीऐवजी ॲप्टोस हा फाँट आपोआप येतो. झेरॉक्सवाल्याकडे जुनं वर्ड असेल तर त्याच्याकडे ॲप्टोस नाही. त्याचं वर्ड दुसराच फाँट घेतं, ओळींची मोडणी बदलते आणि एका पानाचा रेझ्युमे दीड पानाचाही होऊ शकतो. काही दुकानांत आणि लॅबमध्ये लिबरऑफिस असतं. तिथे कॅलिब्रीच्या जागी त्याच मापाचा कार्लिटो येतो, त्यामुळे फारसं बिघडत नाही. पण त्या भरवशावर राहू नका. दुकानात वर्डची फाइल न्यायचीच नाही, पीडीएफ न्यायची.

दुसरी अडचण हेडरची. नाव, फोन, ईमेल वरच्या हेडरमध्ये टाकले की पान नीटनेटकं दिसतं, पण काही सॉफ्टवेअर हेडर वाचतच नाहीत. मग रेझ्युमे पोचतो, संपर्काची चौकट रिकामी. टेक्स्ट बॉक्सचंही तेच. वर्डच्या तयार साच्यांमध्ये हे दोन्ही प्रकार सर्रास असतात, म्हणून साचा घ्यायचाच असेल तर आधी त्यातल्या नावावर डबल-क्लिक करून बघा: बाकीचा मजकूर राखाडी होऊन हेडर उघडला, तर तो साचा सोडून द्या.

ओव्हरलीफ

अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये ओव्हरलीफ भलतंच लोकप्रिय आहे आणि त्याला कारण आहे. लेटेकने मांडलेलं पान सुबक असतं, तारखा आपसूक रांगेत येतात, अंतरं सारखी राहतात. रेझ्युमेसाठी फुकट खातं पुरतं. पण ‘सीनियरने साचा दिला, नाव बदललं’ एवढ्यावर ज्यांचं लेटेक संपतं, त्यांनी जपून राहावं.

पहिला धोका कागदाच्या आकाराचा. तिथले अनेक लोकप्रिय साचे अमेरिकेत बनलेले, म्हणून लेटर आकाराचे. लेटर म्हणजे २१५.९ बाय २७९.४ मिलिमीटर, ए४ म्हणजे २१० बाय २९७. दुकानात ते ए४ वर बसवताना पान तीनेक टक्के तरी आक्रसतं, वर-खाली पांढरी पट्टी राहते आणि आधीच बारीक असलेली अक्षरं आणखी बारीक होतात. साच्याच्या पहिल्याच ओळीत ‘लेटरपेपर’ असा शब्द दिसेल, तो ‘ए४पेपर’ करा. काही साच्यांत समासाची मापंही हाताने दिलेली असतात, म्हणून त्यानंतर पान पुन्हा नजरेखालून घाला.

दुसरा धोका टक्क्याच्या चिन्हाचा. लेटेकमध्ये % म्हणजे ‘इथून पुढची ओळ दुर्लक्षित करा’. ‘प्रतिसादाचा वेळ ४०% कमी केला’ असं लिहिलं की चाळीसनंतरचं सगळं गायब. त्याच ओळीतला बंद करणारा महिरपी कंसही गेला तर कंपाइल (म्हणजे कोडवरून पान बनणं) अडतं आणि ते लगेच लक्षात येतं. कंस पुढच्या ओळीवर असेल तर मात्र वाक्य चुपचाप अर्धवट राहतं. अशीच अडचण & आणि # या चिन्हांची; सी# लिहिणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. या प्रत्येक चिन्हाच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. आणि चूक असतानाही ओव्हरलीफ बऱ्याचदा जमेल तेवढी पीडीएफ बनवून देतं, कोपऱ्यात फक्त लाल आकडा दाखवतं. तो लाल आकडा शून्य झाल्याशिवाय फाइल डाउनलोड करू नका.

तिसरी बाब जोडाक्षरांची. लेटेक ‘एफ’ आणि ‘आय’ किंवा ‘एफ’ आणि ‘एल’ ही इंग्रजी अक्षरं शेजारी आली की त्यांचं एकच चिन्ह करतं. कागदावर सुंदर दिसतं, पण साच्यात योग्य सोय नसेल तर सॉफ्टवेअरला ‘सर्टिफाइड’ किंवा ‘वर्कफ्लो’ हे शब्द मधली अक्षरं गळालेले मिळतात. चांगल्या साच्यात सुरुवातीलाच ‘ग्लिफ टू युनिकोड’ नावाची फाइल जोडलेली असते. ती ओळ अनावश्यक समजून पुसू नका.

कॅनव्हा

कॅनव्हाचे साचे मोहक आहेत यात शंका नाही आणि पोस्टर, पोर्टफोलिओ, प्रेझेंटेशनसाठी ते चांगलं साधन आहे. रेझ्युमेसाठी मात्र ते चारपैकी तीन कसोट्यांवर घसरतं.

एक, गडद निळा किंवा काळा डावा पट्टा आणि त्यावर पांढरी अक्षरं. लेझर प्रिंटरवर मोठा गडद भाग एकसारखा क्वचितच उमटतो. पट्टे पडतात, टोनर कमी असेल तर ढग दिसतात. ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढली तर फिका गुलाबी किंवा सोनेरी मथळा जवळजवळ दिसेनासा होतो. दोन, पट्ट्यामुळे पेनाने लिहायला जागाच उरत नाही. तीन, प्रत्येक मजकूर वेगळ्या डब्यात असतो. पीडीएफमधून तो कुठल्याही क्रमाने बाहेर येऊ शकतो: आधी छंद, मग फोन, मग शिक्षण. अक्षरांमध्ये मोकळं अंतर सोडलेले मथळेही सॉफ्टवेअरला सुटी-सुटी अक्षरं वाटू शकतात.

त्यातच कौशल्यांच्या पट्ट्या. ‘जावा’ पाचपैकी चार ठिपके, ‘इंग्रजी’ ८५ टक्के. हे कुणी मोजलं, कशावरून मोजलं, याला उत्तर नाही, आणि तांत्रिक विभागातला माणूस नेमका तोच प्रश्न विचारतो. ठिपके काढा आणि त्या कौशल्याने काय बनवलं ते लिहा.

तरीही कॅनव्हाच वापरायचं असेल, जसं की फाइन आर्ट, ॲनिमेशन किंवा कम्युनिकेशन डिझाइनच्या विद्यार्थ्यांना, तर पांढऱ्या पार्श्वभूमीचा एकरकानी साचा घ्या, आकार ए४ आहे का बघा आणि डाउनलोड करताना ‘पीडीएफ प्रिंट’ निवडा. तिथला ‘फ्लॅटन पीडीएफ’ हा पर्याय टिक करू नका. त्याने अक्षरांचं चित्र होतं आणि सॉफ्टवेअरला एक शब्दही मिळत नाही.

लिंक्डइनवरून थेट ‘सेव्ह टू पीडीएफ’ करणारेही बरेच असतात. तो रेझ्युमे नव्हे, प्रोफाइलची छापील प्रत आहे: डाव्या बाजूला गडद पट्टा, दोन-तीन पानं. मेळाव्यात देऊ नका.

साधन कुठलंही असो, एक चाचणी प्रत्येकाने करावी. पीडीएफ उघडा, कंट्रोल-ए, कंट्रोल-सी, आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. वरून खाली वाचा. नाव पहिल्या ओळीत आहे का, ईमेल अखंड आहे का, तारखा आपापल्या कामाशेजारी आहेत का, कुठे चौकोन किंवा प्रश्नचिन्हं उगवली आहेत का. फोन आणि ईमेलच्या आधी लावलेली छोटी चित्रं इथे हमखास चमत्कारिक चिन्हं होऊन येतात. नोटपॅडमध्ये जे नीट वाचता येतं ते सॉफ्टवेअरलाही बहुतेक वाचता येतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक जण ते करत नाहीत.

मजकुराबद्दल थोडं

साधनाने मजकूर सुधारत नाही, म्हणून एवढं तरी सांगायलाच हवं. ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम: जावा, मायएसक्यूएल’ ही ओळ इतक्या रेझ्युमेंवर असते की टेबलामागच्या माणसाची नजर तिच्यावर थांबत नाही. तीच अशी लिहा: चौघांचा गट, माझ्याकडे पुस्तक परतीचा भाग, सुट्ट्या वगळून उशिराचा दंड मोजणारं लॉजिक लिहिलं आणि नमुन्याच्या नोंदींवर तपासलं. आता विचारण्यासारखं काहीतरी आहे: सुट्ट्या कशा ओळखल्या? आणि उत्तर तुमच्याकडे आहे, कारण तो भाग तुम्हीच केला आहे.

मेकॅनिकलवाल्यांनी ‘सॉलिडवर्क्स’ एवढंच लिहून थांबू नये; कुठली असेंब्ली, किती भाग, ड्रॉइंगवर टॉलरन्स दिले होते का, प्रत्यक्ष बनवलं का. चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांतून आलेल्या माणसाला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथवर स्वतः केलेला एक जॉब सहा सॉफ्टवेअरच्या नावांपेक्षा जास्त सांगतो. कॉमर्सच्या विद्यार्थ्यांनी ‘टॅली, एमएस ऑफिस’ऐवजी काय केलं ते लिहावं: खरेदी-विक्रीच्या नोंदी, बँक रिकन्सिलिएशन, जीएसटीआर-१ साठी याद्या, एक्सेलमध्ये पिव्होट.

वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, फोटो, तळाशी ‘वरील माहिती सत्य आहे’ ही प्रतिज्ञा आणि सही, हे सगळं काढलं की चांगल्या आठ-दहा ओळी मोकळ्या होतात. पूर्ण पत्ताही नको. ‘कोथरूड, पुणे’ पुरे. हे कागद अनेक हातांतून जातात.

क्यूआर कोड द्यायचा असेल तर एकच द्या, गिटहबचा किंवा पोर्टफोलिओचा, आणि तो स्थिर प्रकारचा असू द्या. काही फुकट संकेतस्थळं ‘डायनॅमिक’ कोड देतात, जो आधी त्यांच्या संकेतस्थळावर नेतो आणि मुदत संपली की बंद पडतो. क्रोममध्येच पानाचा क्यूआर बनवायची सोय आहे, ती वापरा. छापल्यावर बाजू किमान दोन सेंटीमीटर असावी. कोड ड्राइव्हवरच्या फोल्डरचा असेल तर ‘लिंक असलेल्या कुणालाही’ अशी परवानगी दिली आहे ना, ते इनकॉग्निटो खिडकीत उघडून तपासा. स्वतःच्या फोनवर तो नेहमीच उघडतो, कारण तिथे तुमचं खातं लॉगिन असतं.

छपाई

पुण्यात प्रिंट काढायला जागांची वानवा नाही. कुठल्याही मोठ्या कॉलेजच्या दारात तीन-चार दुकानं असतात. पण सबमिशनच्या आठवड्यात तिथे जर्नलचे गठ्ठे लागलेले असतात आणि तुमच्या वीस प्रतींकडे कुणी नीट बघणार नाही. मेळावा त्याच दिवसांत असेल तर कॉलेजपासून लांबचं, राहत्या भागातलं दुकान गाठा. महावितरणची देखभालीची कामं पुण्यात बहुधा गुरुवारी निघतात, त्यामुळे शुक्रवारच्या मेळाव्याची छपाई बुधवारीच उरकलेली बरी. पेठांमधली काही दुकानं दुपारी बंद असतात, हेही हिशेबात धरा.

दुकान निवडताना दराच्या पाटीपेक्षा तीन गोष्टी बघा. लेझर प्रिंटर आहे का, हे पहिलं. इंकजेटची शाई घामाच्या बोटाने आणि पावसाच्या थेंबाने पसरते. लेझरचा टोनर उष्णतेने कागदावर वितळून बसतो. दुसरं, तुम्ही आणलेला कागद वापरू देतात का. तिसरं, आधी एकच प्रत काढून दाखवतात का. जो एक प्रत काढायला कुरकुर करतो, त्याच्याकडे वीस काढू नका.

दुकानातला नेहमीचा कागद ७० ते ७५ जीएसएमचा असतो (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). तो चालतो, पण हातात लिबलिबीत लागतो. ९० ते १०० जीएसएमचा साधा पांढरा कागद घ्या. अप्पा बळवंत चौकात सुटाही मिळू शकतो. उठावदार पोत असलेला बाँड पेपर भारी वाटतो, पण त्याच्या खळग्यांत टोनर नीट धरत नाही आणि बारीक अक्षरं तुटक येतात. चकचकीत फोटो पेपर अजिबात नको, त्यावर पेन चालत नाही. लॅमिनेशन तर कुणी सुचवलं तरी करू नका, कारण त्यावर काही लिहिताच येत नाही.

फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची झाली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा; स्क्रीनशॉट किंवा फोटो पाठवला की दाबली जाऊन अक्षरांच्या कडा फाटतात. प्रिंटच्या खिडकीत ‘ॲक्चुअल साइझ’ निवडायला सांगा. तुमचं पान ए४ आणि समास १.८ असेल तर काहीही कापलं जाणार नाही. काम झालं की दुकानदाराला सांगून फाइल डाउनलोड फोल्डरमधून तुमच्यासमोर पुसून घ्या. व्हॉट्सॲपवर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केल्याने त्याच्या संगणकावर उतरलेली प्रत जात नाही, आणि त्यात तुमचा फोन नंबर आहे.

पहिली प्रत हातात आली की उजेडात धरून बघा. हात लांब करून ईमेल वाचता येतो का. राखाडी अक्षरं फिकी पडली आहेत का. क्यूआर स्कॅन होतो का. उभी रेघ किंवा ठराविक अंतरावर तोच ठिपका दिसला तर प्रिंटरच्या ड्रमचा किंवा कार्ट्रिजचा दोष आहे. तो प्रत्येक प्रतीवर येणार, दुसरं मशीन मागा. सगळं ठीक असेल तर सगळ्या प्रती पीडीएफवरूनच प्रिंट करा. एक प्रिंट आणि बाकी झेरॉक्स, अशी काटकसर करू नका. झेरॉक्समध्ये अक्षरं जाड होतात आणि काचेवरची धूळही छापली जाते.

किती प्रती? आलेल्या कंपन्यांची यादी कॉलेज आधी देतं. त्यातल्या ज्यांच्याकडे खरंच जायचं आहे त्या मोजा आणि वर पाच धरा. बहुतेकांचं पंधरा ते वीसमध्ये भागतं. स्टेपल, पंचिंग, स्पायरल काही नको. जून ते सप्टेंबरमध्ये मेळावा असेल तर उघडा एल-फोल्डर न घेता बटणाचा प्लास्टिक फोल्डर घ्या. दोन प्रकारचे रेझ्युमे असतील तर दोन रंगांचे घ्या, म्हणजे टेबलापाशी उलथापालथ करावी लागत नाही.

कपड्यांवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. धुतलेला, इस्त्री केलेला फिका शर्ट किंवा कुर्ता, गडद पँट किंवा सलवार, तासन्‌तास उभं राहता येईल असे बंद बूट किंवा चपला. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. ब्लेझर पहिल्या इंटर्नशिपसाठी विकत घेऊ नका. मेट्रोच्या वाटेवर असाल तर मेट्रोनेच जा. हेल्मेट, रेनकोट आणि फोल्डर एकत्र सांभाळत रांगेत उभं राहणं जड जातं.

टेबलापाशी

‘तुमची कंपनी काय करते?’ हा प्रश्न विचारू नका. किर्लोस्करांच्या कंपन्या पंप आणि इंजिनं बनवतात, थरमॅक्स बॉयलर आणि ऊर्जेच्या यंत्रणा, केपीआयटी गाड्यांचं सॉफ्टवेअर; एवढं तरी माहीत असायलाच हवं. अर्ध्या मिनिटात तीन गोष्टी सांगा: शाखा आणि वर्ष, एक प्रोजेक्ट, कधीपासून कधीपर्यंत मोकळे आहात. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि नेमकी तिच्यावरच निवड अडते. तुमच्या विद्यापीठाची परीक्षा कधी संपते, कॉलेज एनओसी कधी देतं, सहा महिने सलग जायला परवानगी आहे का, हे टीपीओला, म्हणजे कॉलेजच्या ट्रेनिंग-प्लेसमेंट अधिकाऱ्याला, आधी विचारून ठेवा.

तुम्ही विचारावेत असे प्रश्न: काम कुठल्या विभागात, बसायचं कुठे, मार्गदर्शक कोण, स्टायपेंड किती, कंपनीची बस आहे का. स्टायपेंड विचारण्यात गैर काही नाही, फक्त तो पहिला प्रश्न नसावा. बस विचाराच, कात्रजला राहणाऱ्या मुलाला चाकणची सकाळची पाळी म्हणजे काय, हे नकाशा बघितल्यावर कळतं. आणि कुठल्याही टेबलावर ‘नोंदणी शुल्क’, ‘परत मिळणारं डिपॉझिट’ किंवा ‘सर्टिफिकेटचे पैसे’ असे शब्द आले तर तिथून उठा. इंटर्नशिप देणारा पैसे घेत नाही. पैसे मागणारा कोर्स विकतो आहे, आणि कोर्सच हवा असेल तर तो घरी बसून तुलना करून घ्यावा.

संध्याकाळी लिंक आली की त्याच रात्री अपलोड करा. फाइलचं नाव ‘रेझ्युमे फायनल नवा’ नको; स्वतःचं नाव, आडनाव आणि शाखा असू द्या. अपलोड झाल्यावर ज्या चौकटी आपोआप भरल्या जातात, त्यांवर भरवसा ठेवून ‘सबमिट’ दाबू नका. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव येतं. रेझ्युमेवर तोच क्रम असेल तर सॉफ्टवेअर आडनावालाच तुमचं नाव समजतं आणि वडिलांचं नाव आडनावाच्या चौकटीत टाकतं. म्हणून रेझ्युमेवर नाव आधी आणि आडनाव शेवटी लिहा, आणि ‘लास्ट नेम’ची चौकट स्वतः तपासा. बारावीचे टक्के सीजीपीएच्या चौकटीत गेले आहेत का, तेही तिथेच बघून घ्या.